मागच्यानं हात वर करायचा

१

जेट स्कीच्या फेरीला जायचं तर आधी फॉर्म भरावा लागे, आणि फॉर्म म्हटलं की धाकटा पेन दुसऱ्याच्या हातात द्यायचा. आठवीतच त्यानं शाळेला रामराम ठोकला होता आणि शाळेनंही त्याला थांब म्हटलं नव्हतं. तेव्हापासून त्याचे सगळे कागद दादाच भरायचा. धाकट्यानं फक्त सही करायची, तीही दादा बोट ठेवेल तिथे. वेल्डिंगच्या दुकानात लागला तेव्हाचा अर्जही दादानंच लिहिला होता आणि शिक्षणाच्या रकान्यात 'हाताला वळण आहे, डोक्याला येईल' असं लिहून दुकानाच्या मालकाला हसवलं होतं.

आता दादा नव्हता. सात महिने झाले होते.

किनाऱ्यावरची ती खोली लहानशीच होती. लाकडी काउंटर, भिंतीवर खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीवर नंबर आणि नंबराखाली एकेक नारिंगी जॅकेट. छताच्या पंख्यातून दर फेऱ्याला बारीकशी टक् येत होती. काउंटरवरच्या बाईनं कागद पुढे सरकवला. त्यावर दोन नावं आधीच छापलेली होती. चालक म्हणून दादाचं, आणि खाली मागे बसणारा म्हणून त्याचं.

दादाच्या कंपनीनं त्याच्या नोकरीला पंधरा वर्षं झाली म्हणून दोघांची सहल बक्षीस दिली होती. वहिनीला पाण्याची भीती, त्यात दोन लहान पोरी. तिनंच म्हटलं होतं, तुम्ही भाऊ-भाऊ जा. मग ते सगळं घडलं. तारीख जवळ आली तेव्हा वहिनी म्हणाली, तू तरी जाऊन ये, घरात नुसता भिंतीकडे बघत बसतोस. दादाची जागा रद्द करायला एक फोन करायचा होता. धाकट्यानं तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. पलीकडच्या माणसानं कारण विचारलं असतं.

बाईनं विचारलं, दुसरे कुठायत? धाकट्यानं मागे दाराकडे हात केला आणि येतायत म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही त्याची जुनी खोड. बाईनं सात आणि आठ नंबरची जॅकेटं काढून दिली. आज आठच माणसं, तुम्ही शेवटचे, असं म्हणाली. त्यानं दोन्ही नावांपुढे सह्या केल्या. दादाची सही त्याला खुद्द दादापेक्षा झोकात यायची. प्रगतिपुस्तकावर पालकाच्या जागी ती त्यानं वर्षानुवर्षं ठोकली होती.

२

फेरी नेणाऱ्या गाइडला सगळे मास्तर म्हणत. उन्हानं करपलेला, किडकिडीत माणूस, गळ्यात शिट्टी. लाकडी धक्क्यावर सगळ्यांना ओळीत उभं करून त्यानं शिकवायला सुरुवात केली. एक म्हातारं जोडपं होतं, ज्यांना पहिल्या पाच मिनिटांतच सगळे काका-काकू म्हणू लागले. दोन मैत्रिणी होत्या, आणि एक बाप आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन आला होता. काकूंनी आधीच जाहीर केलं होतं की गाडी त्या चालवणार, कारण ह्यांना घरच्या स्कूटरवर सुद्धा डुलकी लागते.

मास्तर जेट स्कीला गाडीच म्हणायचा. ही लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते, म्हणून मागे वळून बघायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाबरून रेस सोडायची नाही. या गाडीला ब्रेक नाही. रेस सोडली की ती वळायचीही थांबते आणि सरळ जाऊन आदळते. समोर काही आलं तर रेस द्या आणि वळवा.

मग त्यानं मागे बसणाऱ्यांकडे बघितलं. पाण्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणाला. एकदा खांद्यावर थाप मारली की हळू. दोनदा मारली की थांब. आणि मी थांबून पिवळा झेंडा वर केला की मागच्यानं हात वर करायचा. चालवणाऱ्यानं हात सोडायचा नाही. मी मागचे हात मोजतो. हात दिसला की त्या गाडीवर दोघं.

धाकटा ऐकत होता, पण एकदा आणि दोनदा या दोन शब्दांपाशी त्याचं मन अडकून पडलं.

सात महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी दोघं मोटारसायकलवरून न्हाव्याकडून परतत होते. दादाचे केस नुकतेच कापलेले, मानेवर बारीक तुकडे चिकटलेले. घरी जाऊन आंघोळ करतो म्हणून त्यानं नीट झाडूनही घेतलं नव्हतं. धाकट्यानं गळ घातली, जरा मला दे ना गाडी. लायसन नव्हतं त्याच्याकडे. लेखी परीक्षेची भीती. दादानं किल्ली दिली आणि मागे बसला. उतारावर खांद्यावर एक थाप पडली. धाकटा हसला आणि त्यानं रेस वाढवली. मग दोन थापा पडल्या. मग वळणावर सांडलेली वाळू आली.

दवाखान्याच्या लांबलचक ओसरीत हवालदारानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं? धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, दादा. त्या वेळी आत दादा जिवंत होता. संध्याकाळी तो नव्हता, आणि तो शब्द मात्र कागदावर उतरला होता.

रडून झाल्यावर वहिनी चिडली. दोन पोरींचा बाप असून उतारावर ऐंशीनं गाडी हाकतो, म्हणाली. तिनं फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. मागच्या महिन्यात मोठी पुतणी जेवताना सहज म्हणाली, बाबांनी आपला विचारच केला नाही ना काका? धाकट्यानं मान खाली घालून भात कालवला. सांगायला तोंड उघडलं की तो दुसरंच काहीतरी बोलून जायचा. आणि जितके दिवस जात होते तितका तो शब्द सिमेंटसारखा घट्ट होत होता.

३

आठ नंबरचं जॅकेट कुठे ठेवावं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते मागच्या सीटवर ठेवून त्याचा पट्टा सीटखालून आवळला. मास्तर आपल्या गाडीवर पुढे निघाला होता. जाता जाता त्यानं ओरडून विचारलं, सात-आठ नंबर, बसलात? धाकट्यानं हो म्हटलं. मास्तरनं गाडीच्या मागच्या भागाकडे नजर टाकली, तो पाण्यात किती बुडालाय ते बघितलं आणि अंगठा दाखवला. वजन बरोबर आहे.

धाकट्यानं मनाशी म्हटलं, याला रोज शंभर माणसं. कुठे नीट बघतोय.

समुद्र गुळगुळीत होता. किनाऱ्यालगत हिरवा, पुढे निळा, आणि इतका स्वच्छ की खालच्या वाळूवर गाडीची सावली पळताना दिसत होती. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्याची छाती मोकळी झाली. चेहऱ्यावर खारे शिंतोडे आले आणि आपण हसतोय हे त्याच्या जरा वेळानं लक्षात आलं. मग त्याला सावलीचं काहीतरी खटकलं. सावलीत गाडीवर दोन ढिगारे होते. जॅकेट, त्यानं म्हटलं. फुगलेलं जॅकेट आहे ते.

एका खडकाच्या आडोशाला मास्तर थांबला आणि त्यानं झेंडा वर केला. मैत्रिणींपैकी मागचीनं हात केला. कॉलेजातल्या मुलीनं केला. काकांनी दोन्ही हात केले आणि काकूंची बोलणी खाल्ली. मास्तरनं बोटानं हवेत मोजलं. दोन, चार, सहा. मग त्याचं बोट धाकट्याकडे वळलं, क्षणभर थांबलं आणि पुढे झालं. आठ.

धाकट्याला वाटलं, आता सांगावं. सातच आहोत. पण सांगायचं म्हणजे पुढे का ते सांगायला हवं. आणि मास्तरच्या कागदावर आठ लिहिलेलं, समोर आठ जॅकेटं. वाऱ्यानं जॅकेटाची बाही हलली असेल.

गाड्या पुन्हा सुरू झाल्यावर त्याला आठवलं की त्या जॅकेटांना बाह्या नव्हत्या.

आणि तेव्हाच डाव्या खांद्यावर थाप पडली. हलकीच. ओळखीच्या माणसाची असते तशी.

मागे बघायचं नाही, हा नियम होता. त्यानं नियमाचा आधार घेतला. पाणी उडालं असेल. पण हात त्याच्या आधीच चालला होता; भीती वाटली की धाकट्याचा हात नेहमी एकच गोष्ट करायचा. त्यानं रेस वाढवली. गाडी लाटेवरून उडाली, काकूंच्या गाडीला पाण्याची भिंत मारून पुढे निघाली. दोन थापा पडल्या. त्यानं आणखी वाढवली.

४

मध्ये समुद्रातच वाळूचा एक पट्टा होता, गुडघाभर पाण्यातला. मास्तरनं सगळ्यांना तिथे उतरवलं आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या. धाकट्याच्या हातात त्यानं दोन ठेवल्या आणि रागानं सांगितलं, की असं चालवायचं असेल तर परत किनाऱ्यावर नेऊन सोडेन. धाकट्यानं एकदाच गाडीकडे बघितलं. मागच्या सीटवर जॅकेट होतं, पट्टा आवळलेला. ओलं, रिकामं. बस्स.

काकू पदराऐवजी टॉवेल कमरेला खोचून त्याच्याकडे आल्या. केस भिजून चपटे झालेले. त्यांनी त्याला धारेवर धरलं, पण आवाज आईसारखा होता.

"अरे, मागचा बिचारा थांब थांब म्हणून खांद्यावर थापटतोय, आणि तू तसाच? तुझा भाऊ ना तो? त्याच्या जिवाची तरी काळजी करायचीस."

धाकट्याच्या हातातल्या दोन्ही बाटल्या गार होत्या. तो गारवा त्याच्या कोपरापर्यंत चढला. काकूंना विचारायला हवं होतं, कोण दिसलं तुम्हाला, कसा दिसत होता. पण कुणीतरी बोट रोखलं होतं, आणि बोट रोखलं की त्याच्या जिभेला एकच वाट ठाऊक होती. सात महिने रुळलेली.

"मी नाही हो काकू," तो म्हणाला. "दादा चालवत होता."

काकूंच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू दुसरीकडे वळला. तसं होय, म्हणाल्या. मला पाण्यातून नीट दिसलं नाही. एवढा मोठा माणूस आणि अक्कल नाही. काकांनीही मान हलवली. बापानं मुलीला हळूच सांगितलं, बघ, मोठा भाऊ असून. मास्तरनं वाळूच्या टोकाकडे नजर टाकली आणि तो त्या दिशेला, जिथे कुणीच नव्हतं, चढ्या आवाजात म्हणाला, मालक, परत जाताना सांभाळून.

वारा पडला होता. पाणी इतकं शांत होतं, की ते शब्द कुणीतरी ऐकून घेतल्यासारखे वाटले.

५

परत निघताना तो गाडीवर कसा चढला ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही. मास्तरची शिट्टी आठवत होती. पाय टाकला ते आठवत होतं. मग गाडी पळत होती, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या मुठीत हँडल नाही. सीटवरचा पट्टा आहे. दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

मनगटावर लाल दोरी नव्हती.

ऊन लागलंय, त्यानं म्हटलं. सकाळी काही खाल्लं नाही. डोळे मिटून उघडले की सगळं जागच्या जागी असेल. त्यानं डोळे मिटले आणि उघडले.

समोर नारिंगी पाठ होती, त्यावर आठ आकडा. त्याच्यावर मान. तुषार सगळीकडून उडत होते, धाकट्याच्या नाका-डोळ्यांत खारं पाणी जात होतं, पण ती मान कोरडी होती. नुकत्याच कापलेल्या केसांखाली वस्तऱ्यानं ओढलेली सरळ रेघ. आणि रेघेखाली, कॉलरपर्यंत, केसांचे बारीक बारीक तुकडे चिकटलेले.

त्यानं वर, डोक्याकडे बघितलं नाही. मानेपलीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

गाडीचा वेग दादाचा नव्हता. दादा म्हणायचा, पोचायचं आहे ना, मग पोचू. हा वेग धाकट्याचा होता. इंजिनाचा आवाज उतारावरच्या आवाजासारखा चढत होता. समोर धक्का दिसायला लागला. बुरसलेले खांब, त्यावर उन्हात वाळत घातलेले टॉवेल. बाकीच्या गाड्या बाजूला संथ वळत होत्या. ही वळत नव्हती.

धाकट्यानं हात उचलला आणि समोरच्या खांद्यावर एकदा थाप मारली. हाताखाली माणसाचा खांदा होता, घट्ट आणि कोमट. वेग वाढला. त्यानं दोनदा थाप मारली. वेग आणखी वाढला, आणि त्या पाठीला हसू आल्यासारखी ती किंचित हलली.

मग त्याला कळलं, मागे बसल्यावर काय वाटतं. हातात काहीच नसतं. फक्त समोरच्याची मान असते आणि त्यानं ऐकावं एवढी आशा.

खांब मोजता येतील इतके जवळ आले. टॉवेलांवरच्या रेघा दिसायला लागल्या. धाकट्यानं कपाळ त्या पाठीला टेकवलं आणि तो ओरडला.

"दादा, मी चालवत होतो. तू मागे होतास. मी चालवत होतो."

समोर पाठ नव्हती. हँडल होतं, त्याच्या मुठीत, आणि मनगटाला लाल दोरी ताणलेली. घाबरून त्याची बोटं रेसवरून सुटली होती. इंजिन शांत झालं आणि गाडी बाणासारखी सरळ खांबांकडे घसरत निघाली. त्यानं हँडल वळवलं, ती वळेना. सोडायची नाही, मास्तर म्हणाला होता. घाबरला की सोडायची नाही. त्यानं खांबाकडे बघणं थांबवलं, मोकळ्या पाण्याकडे बघितलं, रेस दिली आणि वळवलं. गाडी आडवी झाली, खांबांवर पाण्याचा लोट आपटला, वरचे टॉवेल चिंब झाले.

मग सगळं थांबलं. पाणी गाडीच्या बुडाला चुबुक चुबुक करत होतं.

६

धक्क्यावर मास्तरनं शेवटची मोजणी केली. जमिनीवर तो हात मोजत नव्हता, डोकी मोजत होता. सात झाली. त्यानं पुन्हा मोजली. त्याचा चेहरा उतरला आणि हात शिट्टीकडे गेला. फेरीतला माणूस कमी भरणं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. तो सगळ्या गाड्या परत पाण्यात घालणार होता.

धाकटा पुढे झाला. सातच होतो, म्हणाला. माझा भाऊ आला नव्हता. तो सात महिन्यांपूर्वी वारला. फॉर्मवर दोन्ही सह्या माझ्याच आहेत.

इतकी वाक्यं तो एका दमात कधी बोलला नव्हता. काकूंनी काकांचा हात धरला. मास्तर शिट्टी सोडून देत, खालच्या आवाजात एवढंच म्हणाला, मी चार हात मोजले होते.

काउंटरच्या खोलीत पंखा तसाच टक् टक् करत होता. बाई जॅकेटं घेऊन एकेक खुंटीला लावत होती. आठ नंबरचं हातात आल्यावर तिनं ते उलटं केलं, कॉलरच्या आतून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. केस कापून लगेच का येतात लोक, असं पुटपुटत तिनं ते धुवायच्या बादलीत टाकलं.

धाकटा बाहेर ओट्यावर जाऊन बसला, भिंतीकडे पाठ करून. डाव्या मनगटावर दोरीचा लाल वळ होता. आणि दोन्ही तळव्यांवर आडवे, पट्ट्याचे. त्यानं मुठी मिटल्या. कुठला खरा आणि कुठला नाही याचा हिशेब लावत बसलो तर फोन पुन्हा खाली ठेवला जाईल, हे त्याला माहीत होतं. त्यानं वहिनीला फोन लावला.

मागे पोरींचा गोंगाट ऐकू येत होता. वहिनीनं विचारलं, पोचलास ना नीट, समुद्र कसा आहे. धाकट्यानं सुरुवात केली आणि शब्द उताराला लागले. वहिनी त्या दिवशी मोटारसायकल मी चालवत होतो दादा नाही मी किल्ली मागितली लायसन नव्हतं म्हणून मी हवालदाराला खोटं सांगितलं तो मला हळू म्हणत होता मी ऐकलं नाही त्याची काही चूक नव्हती फोटो परत लाव वहिनी. तो धापा टाकत होता. पलीकडे पोरींचा आवाजही बंद झाला होता. वहिनी काही बोलेना. ती फोन ठेवेल, आता ठेवेल, म्हणून तो आणखी घाईनं बोलायला लागला, अडखळायला लागला, काहीच धड सांगता येईना.

डाव्या खांद्यावर एक थाप पडली.

त्याच्या पाठीमागे भिंत होती. ओली पाठ भिंतीला चिकटली होती. मध्ये हात शिरायला बोटभरही जागा नव्हती. त्यानं वळून बघितलं नाही. तो थांबला. एक श्वास घेतला, मग दुसरा. समोर पाणी चमकत होतं.

"ऐकतेय मी," वहिनी म्हणाली. आवाज लांबून आल्यासारखा होता.

"आम्ही न्हाव्याकडून निघालो," धाकट्यानं सावकाश, अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. "मी पुढे होतो. दादा मागे बसला होता."